गोळी चालू आहे असं डॉक्टरांना सांगत होते, घेत नव्हते

काठावरची
घरात सांगायची लाज वाटते म्हणून इथे लिहितेय. लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

चार वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे ते एचबीए१सी, ८.१ होतं. मेटफॉर्मिन ५०० ने सुरुवात झाली आणि वाढत वाढत सकाळ-संध्याकाळ १००० वर गेली. त्या दिवसापासून माझं पोट माझ्या ताब्यात राहिलं नाही. सकाळची गोळी घेतली की तासाभरात पळापळ. मीटिंगला गेले की आधी दाराजवळची खुर्ची धरायची. प्रवास असला की आदल्या दिवसापासून गोळी बंद. मग आठवड्यातले दोन दिवस बंद. मग सकाळची कायमचीच बंद, आणि शेवटी संध्याकाळचीही.

नवऱ्याला रिकामी पाकिटं दिसावीत म्हणून मी रोज गोळ्या सोलून एका काचेच्या बरणीत टाकायचे. बरणी कपाटात, स्वेटरांच्या मागे. ती निम्मी भरली तेव्हा जरा धसका बसला, पण झाकण लावून टाकलं.

डॉक्टर दर वेळी विचारायचे, "गोळ्या नियमित चालू आहेत ना?" मी म्हणायचे, "हो, अगदी वेळेवर." रिपोर्ट आला ८.६. साहजिकच त्यांना वाटलं की मेटफॉर्मिन पुरत नाही. त्यांनी ग्लिमेपिराइड जोडली, १ ची. ती बिचारी पोटाला काही करत नाही, म्हणून ती मात्र इमानाने घेतली. पुढच्या वेळी थोडा फरक होता, पुरेसा नाही. १ ची २ झाली.

गेल्या महिन्यात मनाला फार लागलं आणि ठरवलं, बस, आता लिहून दिलंय तसं सगळं घ्यायचं. एकदम १००० दोनदा आणि वर २ ची ग्लिमेपिराइड. पाचव्या दिवशी सकाळपासून मळमळत होतं, नाश्ता चिवडून ठेवून दिला, गोळ्या मात्र घेतल्या. साडेअकराला लिफ्टमध्ये उभी होते. आकड्यांची बटणं दिसत होती, पण मला कुठलं दाबायचंय तेच आठवेना. हात लटलट कापत होते, पाठीवरून घामाची धार. शेजारच्या बाईंनी धरून बसवलं. त्यांच्या वडिलांना मधुमेह होता म्हणून त्यांनी ओळखलं आणि कुठून तरी फळांचा रस आणला. पर्समध्ये मीटर होतं. रस पोटात गेल्यावरचा आकडा ५२. आधी किती असेल देव जाणे.

दोन प्रश्न. या पोटाचं काही होतं का? आणि डॉक्टरांना आता कुठल्या तोंडाने सांगू?

दोन_घास_कमी
पहिल्या प्रश्नाला +१००. माझ्या तोंडात तर सतत नाणं धरल्यासारखी चव असायची. तीन-चार महिन्यांत गेली ती आपोआप. दाराजवळच्या खुर्चीबद्दल मात्र मिठी, कारण मीही तीच खुर्ची धरायचे.

स्पष्टवक्ता
रागावू नका, पण डॉक्टरांनी दिलेलं दुसरं औषध तुमच्या खोट्यावर उभं होतं. त्यांनी बरोबर गणित केलं, तुम्ही आकडा चुकीचा दिलात. लिफ्टऐवजी गाडी चालवत असता तर?

काठावरची
रागावले नाही. गाडीचा विचार माझ्याही मनात रोज येतो.

औषधवाला
बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे, म्हणून सांगतो. मेटफॉर्मिन अर्धवट सोडणारे तुम्ही पहिल्या नाही. महिन्याच्या हिशेबाने न्यायला यायला हवं ते गिऱ्हाईक दोन महिन्यांनी उगवलं की आम्हाला कळतं. आम्ही विचारत नाही, हे आमचं चुकतं.

तुमची आत्ताची चूक गोळी परत सुरू केली ही नव्हे. इतक्या खंडानंतर एकदम पूर्ण डोसवर उडी मारलीत, ही चूक. या औषधाला आतडं हळूहळू सरावावं लागतं. रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त मेटफॉर्मिन आतड्याच्या भिंतीत साठतं. पित्तातले क्षार परत शोषले जाण्यात त्याने फरक पडतो, आतल्या जिवाणूंचं गणित बदलतं, आणि मग पातळ होतं. म्हणून ५०० ने सुरू करून एक-दोन आठवड्यांनी ५०० वाढवायची, अशी रीत आहे. खंड पडला की पुन्हा तळापासून.

दुसरं म्हणजे गोळीचा प्रकार. साधी मेटफॉर्मिन आणि एसआर किंवा एक्सआर लिहिलेली, यात औषध एकच, पण दुसरी सावकाश विरघळते. निम्मंअधिक दुखणं बऱ्याच जणांचं तिथेच मिटतं. ती रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी तर नाहीच, आणि जेवण झाल्यावर आठवण आली म्हणून तासाभराने असंही नको. दोन-चार घास पोटात गेले की घ्यायची, वर उरलेलं जेवण. ही गोळी मोडायची नाही, चावायची नाही, कुटायची तर मुळीच नाही. मोडली की सावकाश हा शब्द संपला.

अवांतर: एसआर घेणाऱ्यांना कधीकधी शौचात अख्खी गोळी दिसते. घाबरून परत घेऊन आलेले लोक पाहिलेत मी (हो, पिशवीत घालून). ते नुसतं टरफल असतं. औषध केव्हाच बाहेर पडलेलं असतं.

निवांत
@औषधवाला, पिशवीवाला किस्सा वाचून हसू आवरेना. पण खरं सांगतो, मलाही दिसली होती आणि मी आठवडाभर गोळी फुकट जातेय असं समजून दोन घेत होतो. बायकोने पकडलं.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. धागाकर्ती, तुमच्या ५२ बद्दल मला जास्त काळजी वाटते, पोटाबद्दल कमी.

मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर धोक्याइतकी खाली नेत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या घराण्याचं तसं नाही. तुम्ही जेवलात की नाही हे त्या गोळ्या बघत नाहीत, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात म्हणजे लावतात. म्हणून नियम साधा: या गोळीनंतर जेवण चुकवायचं नाही. आणि मळमळतंय, जेवण जाणार नाही असं वाटलं तर गोळी घ्यायच्या आधी फोन करायचा. घेऊन मग वाट बघायची नाही.

७० च्या खाली गेलं की १५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे साधारण तीन-चार लहान चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा अर्धा पेला फळांचा रस. पंधरा मिनिटांनी परत बोट टोचायचं. अजून ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. वर आलं की लगेच काहीतरी पोटभरीचं खायचं, कारण या गोळ्यांचा अंमल तासन्‌तास चालतो आणि शुगर पुन्हा घसरू शकते. वय जास्त असलेल्यांत आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्यांत तर हमखास लक्ष ठेवावं लागतं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. लोक प्रेमाने साखर कोंबतात आणि ती श्वासनलिकेत जाते. सरळ रुग्णवाहिका.

आणखी एक, जे फार कमी जणांना सांगितलं जातं. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी साखरेवर विसंबू नये. त्या गोळ्यांचं कामच मुळी साखर फोडणं लांबवणं हे आहे, त्यामुळे घरातली साखर चढायला वेळ लागतो. ग्लुकोजच लागतं. डब्यावर नीट वाचून ते जवळ ठेवा. आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड, थरथर जाणवतच नाही. घाम तेवढा येतो. कारण नसताना दरदरून घाम फुटला तर मीटर काढा.

शून्य_साखर
मला ११० ला सुद्धा असंच होतं. घाम, थरथर, सगळं. मीटर बिघडलंय का?

रात्रपाळी
मीटर ठीक असेल. तुमची शुगर बरेच महिने अडीचशेच्या घरात होती का? शरीराला तीच सवय लागते. मग खाली येताना ११० लाही ते बोंब मारतं. काही आठवड्यांत निवतं. त्यासाठी दर वेळी गोड खाल्लंत तर पहिले पाढे पंचावन्न. मोजा, ७० च्या वर असेल तर थोडं बसा, आणि पुढच्या भेटीत सांगा.

सुनबाई
सांगायची लाज यावरून आठवलं. माझ्या सासऱ्यांचा किस्सा. वय ७१.

त्यांना डॅपाग्लिफ्लोझिन सुरू झाली. शुगर छान उतरली, वजन दोन किलो कमी, मामंजी खूश. दीड महिन्याने बघते तर माणूस गप्प गप्प. बसताना अवघडून बसायचे. रात्री तीन-तीनदा न्हाणीघरात. मुलाला काही सांगेनात. एक दिवस मी भाजी निवडत होते, तर समोर येऊन बसले आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, त्या नव्या गोळीच्या कागदावर काय लिहिलंय ते जरा वाचतेस का? माझा चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या खिशातच होता. मी मोठ्याने वाचत गेले. जननेंद्रियांना बुरशीचा संसर्ग, खाज, लाली, इथे पोचले तर म्हणाले, "हं. ते."

एवढंच बोलले. मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने डॉक्टरांना. मलम मिळालं, आठवड्यात बरे झाले. ही गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते, त्यामुळे तिथे ओल आणि साखर दोन्ही आयतं मिळतं आणि बुरशी माजते. लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडं करायचं, एवढ्याने पुष्कळ फरक पडला. हे पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर म्हाताऱ्या माणसाचा महिना हालात गेला नसता.

नंतर एकदा लघवीच्या तपासणीत साखर चार प्लस आली आणि नणंदेने घर डोक्यावर घेतलं. या गोळीवर ती येणारच. गोळी काम करतेय त्याची ती पावती आहे.

औषधवाला
सुनबाई, मामंजींना माझा नमस्कार सांगा. याच गोळ्यांबद्दल दोन गोष्टी जोडतो, कारण एम्पाग्लिफ्लोझिन आणि तिच्या बहिणी आता बरेच जण घेतात. उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद असे दिवस आले की ही गोळी थांबवायची का, हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. शरीर कोरडं पडतं आणि क्वचित रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून तयार होणारी आम्लं, वाढतात. त्यातली मेख अशी की मीटरवर शुगर फार वाढलेली दिसतेच असं नाही, दोनशेच्या आसपास किंवा त्याखालीही असू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर आकड्यावर भरवसा ठेवू नका, दवाखाना गाठा. आणि ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर ही साधारण तीन दिवस आधी बंद करायला सांगतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती चालू आहे हे आपण होऊन सांगा.

हिरवी_पाती
हे सगळं वाचून वाटतं, रसायनं खायचीच कशाला? माझ्या ओळखीच्या एकांनी झाडपाल्याची पावडर घेऊन दीड महिन्यात गोळ्या सोडल्या. काही दुष्परिणाम नाही. नैसर्गिक आहे.

औषधवाला
ताई किंवा दादा, जे असाल ते. मेटफॉर्मिनचं मूळही एका झुडपातच आहे. गॅलेगा ऑफिसिनॅलिस, जांभळट-पांढऱ्या फुलांचं. युरोपात जुन्या काळी देत असत. त्यात शुगर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते झुडूप खाऊन मेंढ्या मेल्याचीही नोंद आहे. झाडातलं म्हणून सौम्य, असं काही नसतं. तेच द्रव्य रसायनशाळेत सुधारत सुधारत १९५७ साली फ्रान्समध्ये मेटफॉर्मिन म्हणून माणसांना देण्यापर्यंत मजल गेली. अमेरिकेने तर १९९४ च्या अखेरीपर्यंत परवानगी दिली नव्हती, कारण तिचीच थोरली बहीण फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढवून माणसं मारत होती आणि १९७० च्या दशकात ती बाजारातून काढावी लागली. या घराण्यावर इतका पहारा बसला, म्हणून आज आपल्याला ही इतकी नेमकी कळते: मूत्रपिंडाचा ईजीएफआर, म्हणजे ते रक्त किती गाळतं त्याचा आकडा, ३० च्या खाली गेला की द्यायची नाही, वगैरे.

पावडरीच्या पुडीत काय आहे ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. दीड महिन्यात जादू करणाऱ्या काही पुड्या तपासल्यावर त्यांत ग्लिबेनक्लामाइडच निघालेलं आहे. म्हणजे गोळीच, फक्त डोस न लिहिलेली.

स्पष्टवक्ता
औषधवाल्यांना साष्टांग.

पेनवाला
मी इन्सुलिनवाला, सोळा वर्षं. माझा गाढवपणा ऐका.

पोटावर बेंबीच्या डावीकडे एक जागा होती, तिथे सुई टोचलेली कळायचीच नाही. मग काय, रोज तिथेच. दोन वर्षांत तिथे लिंबाएवढा मऊ गोळा. न दुखण्याचं कारणच ते होतं, हे मागाहून कळलं. अशा गाठीतून इन्सुलिन लहर लागेल तसं झिरपतं. एक दिवस ३००, एक दिवस ६५. मी जेवणाला दोष देत होतो, डॉक्टर डोस वाढवत होते. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर करायला लावला आणि नुसता हात फिरवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणी हात लावून बघितलं.

पुढचा भाग महत्त्वाचा. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलात तर जुना डोस जड होतो, कारण आता सगळं इन्सुलिन लागू पडतं. बाईंनी डोस कमी करून दिला होता, तरी पहिल्या आठवड्यात मी दोनदा ७० च्या खाली गेलो. तेव्हा जागा बदला, पण डॉक्टरांना सांगून.

अवांतर: इन्सुलिनचं पहिलंवहिलं इंजेक्शन टोरांटोत ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला दिलं, तेव्हा टोचल्या जागी त्याला गळू झालं. अर्क इतका गढूळ होता. शुगर थोडीच उतरली. डॉक्टरांनी इंजेक्शन थांबवलं, कॉलिप नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने बारा दिवसांत अर्क शुद्ध करून दिला, २३ तारखेला पुन्हा टोचलं आणि पोरगं तरलं. आपली गाठ म्हणजे त्यामानाने किरकोळ.

धुरकट
इन्सुलिन सुरू झाल्यावर मला लांबचं दिसेना. डोळे गेले असं समजून रडलो. ताबडतोब नवा चष्मा केला. महिन्याने त्या चष्म्यातून दिसेना, दुसरा केला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की शुगर चढ-उतार करते तसं डोळ्यातल्या भिंगाच्या आतलं पाणी कमीजास्त होतं आणि नंबर हलतो. शुगर काही आठवडे स्थिर राहिल्याशिवाय चष्मा करू नये. दोन चष्मे ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पडद्याची तपासणी मात्र लांबवू नका, ती वेगळी गोष्ट.

मुंग्या
एक छोटीशी भर. नऊ वर्षं मेटफॉर्मिन. तळपायाला मुंग्या, सगळ्यांनी ठरवून टाकलं की मधुमेहाने नसा गेल्या. बी१२ तपासलं तर तळाला. मेटफॉर्मिनने त्याचं शोषण कमी होतं, डोस मोठा आणि वर्षं जास्त तसं अधिक, मांसाहार न करणाऱ्यांना आणखीच. इंजेक्शनं घेतली, मुंग्या ऐंशी टक्के गेल्या. तपासायला सांगा, एवढंच.

रात्रपाळी
मुंग्यांशी सहमत. आणि काठावरची, तुमचा दुसरा प्रश्न सगळ्यांनी टाळला. तोंड वगैरे काही लागत नाही. बरणी घेऊन जा. टेबलावर ठेवा.

काठावरची
(पाच महिन्यांनंतर)

बरणी घेऊन गेले होते.

टेबलावर ठेवली तेव्हा माझे कान तापले होते. डॉक्टरांनी झाकण उघडलं, आत बघितलं, मला वाटलं आता बरसणार. ते म्हणाले, "किती महिन्यांच्या आहेत?" मी म्हटलं, "चौदा." त्यांनी जुना कागद पुढे ओढला आणि त्यावरच्या दोन तारखांना पेनाने गोल केले, ज्या दिवशी त्यांनी ग्लिमेपिराइड जोडली आणि ज्या दिवशी वाढवली. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. ती शांतता बोलण्यापेक्षा जड गेली, खरं सांगते.

ग्लिमेपिराइड त्याच दिवशी बंद केली. मेटफॉर्मिन एसआर ५००, रात्रीच्या जेवणात. दोन आठवड्यांनी १०००. पोट दोन दिवस कुरकुरलं, मग गप्प बसलं. १५०० करून बघितली, पुन्हा दाराजवळची खुर्ची. या वेळी मात्र तिसऱ्या दिवशी फोन केला. ते म्हणाले, १००० वर थांबू, आणि सिटाग्लिप्टिन जोडली. ती एकटी सहसा शुगर पाडत नाही म्हणाले. सांधे फार दुखायला लागले किंवा पोटात पाठीपर्यंत जाणारी कळ आली तर लगेच सांगायचं, हे त्यांनी या वेळी न विचारता सांगितलं. बी१२ कमी निघालं. (मुंग्या, आभार.)

काल रिपोर्ट आला. ७.१. चार वर्षांत इतकं कमी पहिल्यांदाच.

नवऱ्याला डॉक्टरांकडून आल्यावर त्याच रात्री सांगितलं. तो म्हणाला, बरणी त्याने दिवाळीच्या साफसफाईतच बघितली होती, कसल्यातरी जीवनसत्त्वाच्या गोळ्या असतील असं वाटलं. अजून थोडा रुसलेला आहे.

आता एकच राहिलंय. बरणी परत घरी आली आहे. त्या गोळ्यांचं करू काय? ओतून देऊ का संडासात?

औषधवाला
संडासात नको, मोरीतही नको. पाण्यात मिसळतं सगळं. जवळपास कोणी जुनी औषधं परत घेत असेल तर तिथे द्या. नसेल तर ओल्या मातीत कालवून, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात टाका, म्हणजे पोराबाळांच्या किंवा जनावराच्या तोंडी लागणार नाहीत. ७.१ बद्दल अभिनंदन.

दोन_घास_कमी
आणि बरणीचं?

काठावरची
नवरा म्हणतोय ती त्याला हवी आहे. खिळे ठेवायला.